ध्वनिलहरी व विद्युतचुंबकीय लहरी : भूगर्भाच्या अभ्यासातील भेद

ध्वनी व प्रकाश दोन्ही लहरींनी प्रवास करतात, एवढेच सांगून पाठ संपविल्यास त्या एकाच जातीच्या आहेत असा विद्यार्थ्यांचा ग्रह होतो. तो दूर करण्यास वर्गातील लांब लाकडी बाक पुरेसा आहे. एका मुलाने बाकाच्या टोकास कान लावावा. दुसऱ्याने दुसऱ्या टोकावर नखाने हलकेच ओरखडावे. आवाज स्पष्ट ऐकू येतो. मात्र त्याच टोकाशी धरलेल्या विजेरीचा प्रकाश लाकडातून पार होत नाही. उलट सूर्याचा प्रकाश पोकळीतून पृथ्वीवर येतो, आवाज येत नाही.

ध्वनिलहर म्हणजे पदार्थाच्या कणांचे कंपन होय. तिला माध्यम लागतेच. प्रकाश व रेडिओलहरी या विद्युतचुंबकीय लहरी असून त्यांना माध्यमाची आवश्यकता नाही.

अमडापूरच्या परिसरात काळ्या मातीखाली मुरूम व त्याखाली काळा पाषाण आढळतो. जमिनीवर घणाचा आघात केल्यास उठणारी लहर मुरमातून सावकाश, तर अखंड पाषाणातून सेकंदास सुमारे ५ किलोमीटर वेगाने जाते. त्यावरून खडकाची खोली व कठीणपणा कळतो. विद्युतचुंबकीय लहरी ओल्या चिकणमातीत लवकर शोषल्या जातात. मंद कंपनांच्या लहरी मात्र अधिक खोल जातात. पाण्याने भरलेला भेगाळ खडक कोरड्या पाषाणापेक्षा अधिक वीजवाहक असल्याने त्यांवरून ओलाव्याचा अंदाज बांधता येतो. विहिरीची जागा निवडताना दोन्ही प्रकारची माहिती परस्परांस पूरक ठरते.

भूकंपाच्या लहरीही माध्यमातूनच जातात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीस भूकंप झाला. तेथून अमडापूर सुमारे २५० किलोमीटर आहे. सेकंदास ६ किलोमीटर वेगाची, ध्वनीसारखी पहिली लहर हे अंतर तोडण्यास ४० सेकंदांहून अधिक घेते; अधिक हानिकारक अशी दुसरी लहर एक मिनिटाहून अधिक. सेकंदास ३ लक्ष किलोमीटर वेगाच्या रेडिओलहरीस सेकंदाचा सहस्रांशही लागत नाही. याच फरकाच्या आधारे जपानमध्ये २००७ पासून जनतेस भूकंपाची सूचना दिली जाते. हे भाकीत नव्हे. भूकंप सुरू झाल्यावर दिलेला इशारा होय. केंद्राजवळच्या गावांस त्यातून फारसा अवधी मिळत नाही.

वरील गणित शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडूनच फळ्यावर करवून घ्यावे. ज्याने हा हिशेब स्वतः केला आहे, तो उद्याच्या भूकंपाची वेळ सांगणाऱ्या अफवेस सहसा बळी पडणार नाही.