वीजतंत्र्याच्या शिक्षणाचा जमाखर्च

वीजतंत्री व्यवसायाचे शिक्षण कितीला पडते, असा प्रश्न केला असता बहुतेक पालक संस्थेच्या फीचा आकडा सांगतात, आणि त्यातून मिळकत काय होते असे विचारले असता परिचयातील एखाद्या सधन ठेकेदाराच्या नव्या बंगल्याकडे बोट दाखवितात. परंतु तहसील कचेरीत उभे आयुष्य दप्तर सांभाळण्यात घालविलेल्या आणि पुतण्याच्या निमित्ताने या व्यवसायाचा हिशेब मांडणे भाग पडलेल्या माझ्यासारख्या माणसास हे दोन्ही आकडे वहीत घेण्याच्या लायकीचे वाटत नाहीत.

हा पुतण्या दहावी झाला त्या वर्षी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या गुणवत्ता यादीत त्याचे नाव आले नाही, आणि पुढच्या फेरीची वाट पाहण्याइतका धीर घरात कोणास नसल्यामुळे, सहा महिन्यांत इलेक्ट्रिशियन करून नोकरीची हमी देणाऱ्या एका खासगी संस्थेत चाळीस हजार रुपये भरले गेले. ती संस्था अगदीच लबाड होती असे मी म्हणणार नाही. शिकविणारे गृहस्थ जाणते होते, आणि स्विचबोर्ड जोडणे, अर्थिंग तपासणे, मेगर लावून इन्सुलेशन पाहणे एवढे तरी त्यांनी पोराच्या हाती मनापासून उतरविले. अडचण उद्भवली ती नंतर. कारखान्यातील शिकाऊ उमेदवारीसाठी अर्ज केला तेथे आणि तारतंत्रीच्या परवान्याची चौकशी केली तेथेही राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्राची मागणी झाली, आणि सोनेरी किनारीचा, गोल शिक्क्याचा जो दाखला आमच्यापाशी होता तो दोन्ही ठिकाणांहून सौजन्यपूर्वक परत करण्यात आला. हमीची नोकरी म्हणाल, तर ती एका ठेकेदाराच्या हाताखाली मदतनिसाची निघाली, आणि कोणताही दाखला न घेतलेली पोरे त्याच रोजीवर तेथे आधीपासून राबत होती.

तेव्हा मी वही काढली. आमच्या भागात मदतनिसाची रोजी पाचशे रुपये. महिन्याचे सव्वीस दिवस भरले तर तेरा हजार होतात. राष्ट्रीय प्रमाणपत्र देणारा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम दोन वर्षांचा असल्याने तेवढ्या काळात बुडणारी मजुरी ३,१२,००० रुपये. त्यापुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखालील एक वर्ष. २०१९ साली दुरुस्त झालेल्या नियमांनी प्रमाणपत्रधारकास दरमहा किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरविले, तेच धरले तर त्या वर्षी आणखी ७२,००० रुपयांची तूट येते. म्हणजे फी, एस. टी.चा पास, जर्नले आणि हत्यारपेटी यांची गणती करण्यापूर्वीच ३,८४,००० रुपये खर्ची पडले. आता जमेची बाजू पाहू. कुशल कारागिराची रोजी आठशे धरली तर महिन्याकाठी ७,८०० रुपये अधिक मिळतात, आणि वरील रक्कम वसूल होण्यास चार वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. हिशेब समाधानकारक दिसतो खरा, पण त्यात एक मोठी खोट आहे: तोच मदतनीस चार-पाच वर्षे भिंती फोडून, पाइप गाडून, तारा ओढून आपसूक मिस्त्री बनतो आणि तीच आठशेची रोजी घेऊ लागतो. रोजीच्या बाजारात दाखल्याला भाव नाही, ही गोष्ट कोणतीही संस्था आपल्या माहितीपत्रकात छापणार नाही.

मग दोन वर्षांचे मोल कोठे मिळते? जेथे सही लागते तेथे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमापासून आजच्या विनियमांपर्यंत हे तत्त्व कायम राहिले आहे की, दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता विद्युत मांडणीचे काम परवानाधारक ठेकेदारानेच, आणि सक्षमता प्रमाणपत्र धारण करणाऱ्या व्यक्तीच्या देखरेखीखालीच करावे. माझ्या पुतण्याने एखाद्या घराचे संपूर्ण वायरिंग स्वतःच्या हाताने उत्तम केले तरी नव्या वीजजोडणीच्या अर्जासोबतच्या टेस्ट रिपोर्टावर सही दुसऱ्याची होते, आणि त्या सहीचा मोबदला याच्या कमाईतून वजा होतो. महावितरणच्या विद्युत सहायक पदाचीही हीच स्थिती: २०२३ च्या अखेरीस निघालेल्या जाहिरातीत तीन वर्षांसाठी अनुक्रमे १५, १६ व १७ हजार रुपये मानधन होते, म्हणजे चांगल्या मिस्त्रीच्या कमाईहून कमीच, तरीही त्यावर उमेदवारांची झुंबड उडते, कारण मानधनाची मुदत सरल्यावर तंत्रज्ञाची कायम नोकरी असते आणि त्या दारातून आत जाण्यास मान्यताप्राप्त प्रमाणपत्रच लागते.

यास्तव पैसे भरण्यापूर्वी संस्थेच्या इमारतीकडे पाहू नये, संलग्नतेचा कागद पाहावा. आणि तोही बारकाईने, कारण संलग्नता सरसकट संस्थेस मिळत नसून ट्रेडवार व तुकडीवार मिळते, आणि फिटरची मान्यता असलेल्या संस्थेने वीजतंत्रीची तुकडी मान्यतेविना भरविली तर तिच्यातील मुलांच्या हाती परीक्षेचे प्रवेशपत्र येत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एकीकडे गाठून, मोटर प्रत्येकाने स्वतः रिवाइंड केली की एकाने केली आणि उरलेल्यांनी पाहिली, हेही विचारावे. फीची पावती संस्थेच्या नावाचीच घ्यावी; ‘विकास निधी’ या गोंडस नावाखाली वेगळ्या चिठ्ठीवर घेतलेली रक्कम परत मिळविण्याची फिर्याद टिकणे कठीण. शासकीय संस्थेत नंबर लागण्याचा संभव असेल तर एक फेरीच काय, एक वर्षही थांबणे स्वस्त पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वर्षात पोराने मदतनिसाचे काम केले तर ते वायाही जात नाही.

दोन वर्षांची मजुरी सोडणे ज्या घरास मुळीच परवडणार नाही, त्याच्यासाठी अनुभवाच्या दाखल्यावर देता येणाऱ्या तारतंत्री परीक्षेचा मार्ग आहे, आणि पुतण्या आता त्याच मार्गाने चालला आहे. त्यासाठी परवानाधारक ठेकेदाराकडेच काम धरावे, आणि अनुभवाचा दाखला शेवटी एकदम मागण्याऐवजी वर्षाच्या वर्षाला, तारखा व परवान्याचा क्रमांक घालून, त्याच्या सहीशिक्क्यानिशी लिहून घ्यावा. पुतण्याचा पहिला ठेकेदार धंदा आवरून गावी निघून गेला, आणि त्याच्याकडे काढलेला काळ कोणत्याही कागदावर नाही.