आमच्यापुरता पॅच

पावतीवर ‘किंमत’ छापली की वेलांटी ‘क’च्या आधी न येता नंतर पडायची, इतर शब्दांतली जोडाक्षरं तुटायची. आमची पीडीएफ लायब्ररी ओपन सोर्स होती, पण देवनागरीची जुळणी तिला येत नव्हती. डिलिव्हरी आठ दिवसांवर आलेली. मी फोर्क केला, म्हणजे तिच्या कोडची आमची वेगळी प्रत काढली, आणि वेलांटी उचलून आधी ठेवणारा कोड त्यात घातला. पॅच मूळ प्रकल्पाला नंतर पाठवू, असं ठरलं.

ते ‘नंतर’ आलंच नाही. लायब्ररीची नवी आवृत्ती आली की आमचे बदल तिच्यावर पुन्हा बसवायचे, कॉन्फ्लिक्ट सोडवायचे. हळूहळू आम्ही तेही सोडून दिलं. तिसऱ्या वर्षी लायब्ररीत सुरक्षेची गंभीर त्रुटी निघाली. दुरुस्ती नव्या आवृत्तीसाठी होती आणि आमचा फोर्क फार मागे राहिला होता. ती बसवायला दोन आठवडे लागले. तेवढे दिवस ग्राहकांचा डेटा धोक्यात होता, याची बोच अजून आहे.

मग मी मूळ प्रकल्पाकडे इश्यू लिहिला. मेंटेनरने पहिल्याच उत्तरात विचारलं, वेलांट्या हाताने का हलवता? अक्षरजुळणीसाठी हार्फबझ आहे. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस तेच वापरतात. आधी विचारलं असतं, तर हे पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

म्हणून कोड लिहिण्याआधी विचारा. पॅच लहान ठेवा, एकात एकच दुरुस्ती, सोबत टेस्ट. घाई असेल तर पॅच स्वतःकडे जरूर लावा, पण वेगळा ठेवा आणि त्याच दिवशी मूळ प्रकल्पालाही पाठवा. नाकारला गेला तर कारण नीट वाचा. बहुधा त्यात तुमच्याच कोडमधली चूक असते.

फोर्क कधीच करू नये, असं मी म्हणणार नाही. जीसीसी या कंपायलरचं काम मंदावलं तेव्हा 1997 मध्ये ईजीसीएस वेगळा झाला आणि 1999 मध्ये तोच अधिकृत जीसीसी ठरला. 2010 मध्ये ओपनऑफिसमधून लिबरऑफिस निघालं. पण तिथे मतभेद प्रकल्पाच्या वाटचालीबद्दल होते आणि तो पुढे चालवायला माणसं होती. आमच्या फोर्कमागे मी एकटा होतो, आणि भांडण तर कुणाशीच नव्हतं.

हार्फबझची जोडणी पुढे लायब्ररीत आली. माझा कोड त्यात नाही. टेस्टसाठी मी दिलेले शब्द मात्र आहेत: किंमत, सर्व, ज्ञान, तऱ्हा. ‘तऱ्हा’मधला अर्धा र बाकी कुणाच्या ध्यानात आला नव्हता.