असे का घडले?

(विमान आणि ड्रोन यांच्या सुरक्षिततेचा विचार या पाठात दोन खऱ्या घटनांच्या आधारे केला आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, लग्नसमारंभात चित्रीकरण करणारा किंवा शेतात औषध फवारणारा ड्रोन तुम्ही पाहिला असेल. एवढ्याशा यंत्रापासून माणसांनी भरलेल्या विमानाला धोका असतो का? उत्तर शोधण्यासाठी आपण घडलेल्या घटना घेऊ आणि तीन प्रश्न विचारू : काय घडले? का घडले? पुन्हा घडू नये म्हणून काय करावे? या पद्धतीला प्रकरण-अभ्यास म्हणतात.

पहिली घटना ड्रोनची नाही. पण विमानाच्या वाटेत अडथळा आला तर काय होते, हे तिच्यातून समजते. २६ एप्रिल १९९३ ची दुपार. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान मुंबईला निघाले. विमानात ११८ माणसे होती. धावपट्टीच्या टोकापलीकडे बीड रस्ता होता. त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता. विमान अजून पुरेसे वर गेले नव्हते. त्याची डावी चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकला धडकला. पुढे ते उच्च दाबाच्या विजेच्या तारांना लागले आणि कोसळले. ५५ जण मृत्युमुखी पडले.

हे का घडले? ‘ट्रक मध्ये आला,’ असे आपण चटकन म्हणू. चौकशी मात्र तेथे थांबली नाही. तिच्यात दोन कारणे निघाली. वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या रीतीने उचलले. तसेच, विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरील वाहतुकीवर विमानतळाच्या यंत्रणेने नियंत्रण ठेवले नव्हते. विमान वेळेवर उचलले असते, तर ट्रक खालून निघून गेला असता. वाहतूक थांबवली असती, तर ट्रक तेथे आलाच नसता. दोन चुका एकाच क्षणी एकत्र आल्या आणि घात झाला.

विमानाची वाट धावपट्टीपाशी संपत नाही. पुढचे आकाशही मोकळे लागते. ट्रक निदान रस्ता सोडत नाही. ड्रोन त्या आकाशात कोठेही जाऊ शकतो.

दुसरी घटना न्यूयॉर्क शहरातील आहे. २१ सप्टेंबर २०१७ रोजी स्टेटन आयलंडजवळ लष्कराच्या हेलिकॉप्टरला एक ड्रोन धडकला. हेलिकॉप्टरच्या पात्याला खोच पडली, पण ते सुखरूप उतरले. त्यात अडकलेल्या ड्रोनच्या तुकड्यावरून चालकाचा शोध लागला. तो सुमारे चार किलोमीटर दूर होता आणि पडद्यावर पाहून ड्रोन उडवत होता. टक्कर झाल्याचे त्याला कळलेही नव्हते! येथेही कारणे दोन निघाली : त्याने ड्रोन जाणूनबुजून नजरेबाहेर नेला होता आणि त्याला नियमांची पुरती माहिती नव्हती.

आता तिसरा प्रश्न. भारतात २०२१ साली ड्रोनसाठी नियम झाले. त्यांत आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग आहेत. पिवळ्या विभागात विमान वाहतूक नियंत्रकांची, तर लाल विभागात केंद्र सरकारची परवानगी लागते. विमानतळाच्या लगतचे आकाश हिरव्या विभागात येत नाही. म्हणून उडवण्यापूर्वी नकाशा पाहावा, ड्रोन नजरेसमोर ठेवावा आणि विमान दिसताच तो खाली आणावा.

अपघात ही चुकांची साखळी असते. तिची एक कडी तोडली, तरी पुष्कळ जीव वाचतात. ड्रोन तुमच्या हाती असेल, तेव्हा एक कडी तुमच्याही हाती असते.

शब्दार्थ
प्रकरण – मामला
अडथळा – रुकावट
घात होणे – मोठे नुकसान होणे
जाणूनबुजून – मुद्दाम

स्वाध्याय
१. १९९३ च्या अपघाताची कोणती दोन कारणे चौकशीत निघाली?
२. ड्रोनच्या चालकाला टक्कर का कळली नाही?
३. ‘ट्रक मध्ये आला’ हे उत्तर अपुरे का आहे? चार-पाच वाक्यांत लिहा.
४. उपक्रम : तुमच्या शाळेजवळच्या रस्त्यावर घडलेली एखादी घटना घ्या. तिला पाठातील तीन प्रश्न विचारून उत्तरे लिहा.