आजचे शिलेदार : स्वतंत्र संगणक-व्यावसायिकांच्या कामाचा प्रश्न

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

मराठ्यांच्या फौजेत घोडेस्वार दोन प्रकारचे असत. ज्याला घोडा आणि हत्यारे सरकारातून मिळत तो बारगीर. आणि जो स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. शिलेदाराला मान अधिक, मोबदलाही अधिक. पण घोड्याचा दाणापाणी त्याच्या पदरचा आणि घोडा पडला तर नुकसानही त्याचेच. अशाच भाडोत्री भालाईतांना सर वॉल्टर स्कॉट यांनी १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयव्हॅनहो' या कादंबरीत 'फ्री लान्स' म्हटले आहे. आज आपण सर्रास वापरतो तो 'फ्रीलान्सर' हा शब्द त्याच कुळातला होय.

आपल्या पुण्यात आज हे दोन्ही प्रकारचे स्वार आहेत. हिंजवडीच्या कंपनीत पगारावर असलेला अभियंता हा बारगीर. घरी बसून, स्वतःच्या संगणकावर, आज या ग्राहकाचे तर उद्या त्या ग्राहकाचे सॉफ्टवेअर लिहून देणारा तो शिलेदार. या दुसऱ्या वर्गाला अलीकडे कंत्राटी काम मिळणे फार कठीण झाले आहे. ते का झाले, कायद्याचा त्याला आधार किती, आणि पुण्याच्याच अनुभवातून काही वाट दिसते का, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने या विषयाला हात का घातला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईलच.

पूर्वपीठिका

'इन्फोसिस' ही कंपनी १९८१ साली पुण्यात सुरू झाली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. सात अभियंते आणि दहा हजार रुपये एवढेच तिचे भांडवल. कंपनीचा स्वतःचा संगणकसुद्धा नव्हता. परदेशातून तो आणायचा तर परवाने आणि प्रतीक्षा. त्यामुळे मंडळी अमेरिकेत ग्राहकाच्या दारी जात आणि त्याच्याच यंत्रावर काम करून देत. १९८३ साली कंपनी बंगळूरला गेली. म्हणजे आजच्या या बलाढ्य कंपनीचा आरंभ झाला तो घोडे नसलेल्या स्वारांच्या पथकाने! मात्र दोन गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. ते सात जण होते, आणि सातांचे मिळून नाव एक होते.

आज परिस्थिती नेमकी उलट झाली आहे. संगणक मोटारसायकलीपेक्षा स्वस्त मिळतो. घोडा प्रत्येकाकडे आहे. मोहीम मात्र मिळत नाही. ज्या वस्तूचा तुटवडा असतो तिला किंमत येते, हा अर्थशास्त्राचा पहिला पाठ. १९८१ साली तुटवडा यंत्राचा होता. आज तो कामाचा आहे, आणि त्याहून अधिक विश्वासाचा आहे.

काम का मिळत नाही?

पहिले कारण काम शोधण्याच्या पद्धतीत आहे. इंटरनेटवर कामाचे जागतिक बाजार भरतात. 'ईलान्स' आणि 'ओडेस्क' या दोन बाजारांच्या विलीनीकरणातून तयार झालेला 'अपवर्क' हा त्यांतला एक मोठा. तेथे एखाद्या कामासाठी प्रस्ताव पाठवायचा तर 'कनेक्ट' नावाची टोकने लागतात आणि ती मुख्यतः विकत घ्यावी लागतात. ग्राहकाने दुसऱ्याची निवड केली तर आपली टोकने परत मिळत नाहीत. काम मिळालेच तर दलाली वेगळी. पूर्वी एका ग्राहकाकडून पहिले ५०० डॉलर मिळेपर्यंत ती वीस टक्के होती. २०२३ साली ती सरसकट दहा टक्के झाली आणि २०२५ पासून नव्या करारांवर शून्यापासून पंधरा टक्क्यांपर्यंत आकारली जाऊ लागली. शिवाय ग्राहक पाहतो ते आधीच्या कामाचे गुण. गुण नाहीत म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून गुण नाहीत. नवख्या माणसाने या चक्रात शिरावे कोठून?

दुसरे कारण मधल्या माणसांचे. मोठी कंपनी सुट्या माणसाशी सहसा व्यवहार करीत नाही. तिच्या यादीवरील पुरवठादाराला काम मिळते, तो ते दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. प्रत्येक हात आपला वाटा काढून घेतो आणि तळाशी असलेल्या माणसापर्यंत उरलेसुरले पोचते.

तिसरे कारण सातासमुद्रापलीकडचे आहे. अमेरिकेत २०१७ साली झालेल्या कर-कायद्यातील एक तरतूद २०२२ पासून लागू झाली. तिच्यानुसार अमेरिकन कंपनीने परदेशात सॉफ्टवेअर तयार करून घेतले तर तो खर्च एकाच वर्षी वजा न करता पंधरा वर्षांत विभागून दाखवावा लागतो. देशातल्या कामासाठी ही मुदत पाच वर्षांची होती. २०२५ साली देशातल्या कामाला सवलत परत मिळाली. परदेशातल्या कामाचे बंधन मात्र तसेच ठेवण्यात आले. कायदा वॉशिंग्टनमध्ये होतो आणि त्याचा चिमटा कोथरूडमधल्या खोलीत बसतो तो असा. चौथे कारण तर सर्वांच्या तोंडी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅट जीपीटी' आले आणि मागोमाग तशी इतर साधने आली. एखादे छोटे संकेतस्थळ उभारणे, जुन्या आज्ञावलीतली चूक काढणे ही नवशिक्याच्या हातची कामे. त्यांतली बरीचशी ग्राहक आता यंत्राच्या मदतीने स्वतःच उरकू लागला आहे. शिडीच्या खालच्याच पायऱ्या काढल्यावर माणसाने वर चढावे कसे?

एक जवळचा दाखला

आकडे आणि कायदे यांपलीकडे हा प्रश्न कसा दिसतो, हे सांगण्यासाठी माझ्याच घरचे उदाहरण देतो. माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत आणि माथाडी मंडळाकडे त्यांची नोंद आहे. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेले आम्ही दोघेच भाऊ. थोरले बंधू संगणकशास्त्राचे पदवीधर आहेत. एका कंपनीत ते कंत्राटावर होते. कंत्राट संपले, ते पुन्हा झाले नाही, आणि तेव्हापासून ते स्वतंत्रपणे काम करतात.

या लेखासाठी मी त्यांना एका महिन्याचा हिशेब ठेवायला सांगितला. महिन्याभरात त्यांनी छत्तीस प्रस्ताव पाठविले. उत्तरे चार आली. काम एक मिळाले. त्या कामाचे पैसे हाती पडेपर्यंत पुढचे दोन महिने उलटले, कारण ग्राहक दर आठवड्याला 'एवढा एक बदल करून द्या' म्हणत राहिला आणि तो बदल मूळ बोलण्यात होता की नव्हता, हे कागदावर कोठेच नव्हते. एका घरावरून सिद्धान्त मांडता येत नाही, याची मला जाणीव आहे. पण आमच्या घरी दिवाळीला बोनस येतो तो वडिलांचा. भविष्यनिर्वाह निधी आहे तो वडिलांचा. अंगठा सोडून सही करायला जे प्रौढपणी शिकले त्यांना उतारवयाचा आधार आहे. आणि ज्याच्या शिक्षणासाठी त्यांनी पोती वाहिली त्याला तो नाही. बँक पगाराचा दाखला मागते, स्थळ घेऊन येणारे पाहुणे 'मुलगा कोणत्या कंपनीत?' म्हणून विचारतात, आणि दोघांनाही द्यायला बंधूंकडे एकच उत्तर असते.

वडिलांनी एकदा हे सारे ऐकून घेतले आणि विचारले, "ते सगळं खरं, पण तुझी टोळी कुठली?" यार्डात हमाल एकटा नसतो, तो टोळीत असतो. बंधू हसले. मला मात्र वाटते, या विषयावरचा सर्वांत मोलाचा प्रश्न तोच आहे.

कायदा काय म्हणतो?

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये प्रथमच 'गिग कामगार' या शब्दाची व्याख्या करण्यात आली. मालक-नोकर हे रूढ नाते सोडून इतर रीतीने काम करून कमावणारी व्यक्ती, असा तिचा आशय. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार मध्यस्थ कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावयाची आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. तरतूद स्वागतार्ह आहे. पण जो संगणक-कारागीर ओळखीतून, थेट ग्राहकाशी व्यवहार करतो त्याच्या बाबतीत मध्यस्थच नाही. मग वर्गणी भरणार कोण?

पैशाच्या विलंबावर उपाय आहे तो सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात. 'उद्यम' नोंदणी केलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते केले पाहिजेत. न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. ही नोंदणी विनामूल्य आहे आणि एकटा माणूसही ती करू शकतो. परंतु ग्राहक परदेशात असेल तर हा कायदा त्याच्यापर्यंत पोचत नाही. ग्राहक पुण्यातला असला तरी, ज्याच्याकडून पुढचे काम मिळायचे त्याच्याविरुद्ध एकट्याने तक्रार करायची कशी? पाण्यात राहून माशाशी वैर करण्यासारखेच ते.

पुण्याने दाखविलेली वाट

हमालाचीही एके काळी हीच अवस्था होती. व्यापारी म्हणे, 'हा माझा नोकर नव्हे. आज माझे पोते उचलले, उद्या दुसऱ्याचे उचलील.' मालकच नाही, तर रजा कोणाकडे मागायची आणि म्हातारपणाचे कोणी पाहायचे? मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी आणि पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने या कामगारांना संघटित केले. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्याची योजना साधी पण अपूर्व आहे. व्यापारी मंडळाकडे नोंद करतो. मजुरी आणि तिच्यावरची ठराविक टक्के लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ हमालाला मजुरी देते आणि लेव्हीतून निधी, बोनस, रजा यांची तजवीज करते. मालक अनेक असले तरी हमालाच्या मागे उभी राहणारी संस्था एक झाली.

दुसरे उदाहरण कचरावेचक भगिनींचे. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली तिने पुणे महानगरपालिकेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. ज्यांपैकी अनेकींना करारपत्र वाचताही येत नव्हते त्यांनी महापालिकेशी करार केला. आणि पदवीधर संगणकतज्ज्ञाला चार ओळींचा करार मिळत नाही! फरक बुद्धीचा नाही. त्या भगिनी संस्था म्हणून गेल्या, हा तो फरक आहे.

अर्थात ही तुलना ताणून चालणार नाही. पोत्याचे वजन ठरलेले असते, म्हणून दर ठरविता येतो; आज्ञावलीचे तसे नाही. यार्डातले पोते यार्डातच उतरते. सॉफ्टवेअरचे काम मात्र क्षणात मनिलाला किंवा लाहोरला जाऊ शकते. म्हणून माथाडी मंडळाची हुबेहूब नक्कल येथे चालणार नाही, हे मान्य करावे लागते. तरीही पाच-दहा जणांची टोळी पुष्कळ करू शकेल. एका नावाने नोंदणी करून पुरवठादारांच्या यादीत शिरणे. एकच छापील करारपत्र वापरून त्यात कामाची व्याप्ती आणि आगाऊ रक्कम आधीच लिहून घेणे. नवख्याला अनुभवी माणसाच्या हाताखाली पहिले काम देणे. एकाचे पैसे थकले तर सर्वांच्या नावाने पत्र पाठविणे. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात हे अशक्य का असावे? भोसरी-चाकणचे छोटे कारखाने, पतसंस्था, गृहनिर्माण संस्था यांची मराठीतून करावयाची कामेही अशा टोळीला मागता येतील. तेथे ग्राहक हाकेच्या अंतरावर असतो आणि ४५ दिवसांचा कायदाही लागू पडतो.

समारोप

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळतो. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला याचे काय? आपल्या वर्गातले कितीतरी जण उद्या भाषांतर करतील, मुद्रितशोधन करतील, मालिकांचे संवाद लिहितील, शिकवण्या घेतील. यांतले बहुतेक काम कंत्राटी असेल. संगणकवाल्यांवर जी वेळ आज आली ती आपल्यावर उद्या येणारच नाही, अशी ग्वाही कोण देईल? आपण परीक्षेसाठी मागणी-पुरवठ्याचे आलेख काढतो, पण करारपत्र कसे वाचावे हे आपल्याला कोणी शिकवीत नाही. अर्थशास्त्र मंडळाने येत्या वर्षी एखादा वकील आणि हमाल पंचायतीचा एखादा कार्यकर्ता यांना एकाच व्यासपीठावर बोलवावे, अशी माझी प्राध्यापकांना नम्र सूचना आहे. बंधूंनीही आपल्या ओळखीच्या तिघांना गेल्या रविवारी घरी चहाला बोलावले होते. करारपत्राचा एक मसुदा तयार झाला आहे. टोळीला नाव अजून ठरायचे आहे.