शब्दांत राहिलेले राजे

मुलांनो, आज तारीख कोणती? जुलै किंवा ऑगस्ट महिना चालू असेल, तर उत्तर देताना तुम्ही नकळत एका रोमन सत्ताधीशाचे नाव घ्याल!

प्राचीन रोममध्ये वर्ष मार्चपासून मोजत. त्यामुळे आजच्या जुलैला 'पाचवा' आणि ऑगस्टला 'सहावा' अशा अर्थाची नावे होती. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरच्या सन्मानार्थ पाचव्या महिन्याला त्याचे नाव दिले गेले. पुढे इ.स.पू. ८ मध्ये सहावा महिना सम्राट ऑगस्टसच्या नावाने ओळखला जाऊ लागला. सीझरचे नाव तर पदवीच बनले. जर्मनीचा 'कायझर', रशियाचा 'झार' आणि तुमच्या उर्दूतील 'कैसर' हे तिन्ही शब्द 'सीझर'पासूनच आले आहेत.

एखाद्याचे भाग्य उजळले, की आपण म्हणतो, "त्याचे नशीब सिकंदर आहे." उर्दूतही 'मुकद्दर का सिकंदर' म्हणतात. हा सिकंदर म्हणजे ग्रीसच्या उत्तरेकडील मॅसिडोनियाचा राजा अलेक्झांडर. तो पंजाबपर्यंत जिंकत आला. पण वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी मरण पावला. भाषेने मात्र त्याचे यशच लक्षात ठेवले.

सर्वांच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. लहरी हुकमाला आपण 'तुघलकी फर्मान' म्हणतो. दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक याने १३२७ च्या सुमारास दिल्लीच्या लोकांना देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, नेले. पुढे त्याने चांदीच्या नाण्यांच्या किमतीची तांब्या-पितळेची नाणी काढली. लोकांनी खोटी नाणी पाडली आणि सुलतानाला ती नाणी मागे घ्यावी लागली. पण हाच सुलतान मोठा विद्वान होता. प्रवासी इब्न बतूता याला त्याने दिल्लीचा काझी नेमले होते. त्याची विद्वत्ता लोक विसरले. चुका मात्र शब्दात राहिल्या.

याउलट शिवाजी महाराजांचे तांब्याचे नाणे पाहा. लोक त्याला 'शिवराई' म्हणत. महाराजांच्या पश्चात, अगदी इंग्रजी अमदानीतही, शिवराई बाजारात चालत असे. नाणे धातूचे असते. पण ते चालते विश्वासावर.

मित्रांनो, शब्द लहान असतो, माणूस मोठा असतो. एका शब्दात सारा माणूस मावत नाही. म्हणून एखाद्याला चटकन नाव ठेवण्यापूर्वी थोडा विचार करा. तुमच्या वर्गात कोणाला एका चुकीवरून टोपणनाव पडले आहे का? त्याच्या अंगी आणखी कोणते गुण आहेत, तेही शोधा.

स्वाध्याय
१. 'सीझर' या नावापासून कोणते शब्द तयार झाले?
२. महंमद तुघलकाला नवी नाणी मागे का घ्यावी लागली?
३. 'नशीब सिकंदर असणे' हा वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यात वापरा.