चिकटवण्यात चूक नव्हती

फिश फाइंडरचा ट्रान्सड्यूसर कयाकच्या आतल्या बाजूने बुडाला चिकटवला आणि पडद्यावर तळ दिसलाच नाही, तर जो तो एकच निदान सांगतो: गोंदात हवेचे बुडबुडे राहिले. मलाही तेच ऐकवण्यात आलं. ज्याने कयाक विकली त्यानेच ऐकवलं, आणि असं ऐकवलं की कट्ट्यासारख्या गावातल्या माणसाला गोंद लावता न येणं हे जणू ठरलेलंच. म्हणून आधी हे लिहून टाकतो. बुडबुडे नव्हते. बूड पॉलिशपेपरने घासलं होतं, स्पिरिटने पुसलं होतं, गोंद मधोमध ओतून ट्रान्सड्यूसर वरून दाबत, जरा जरा फिरवत बसवला होता आणि रात्रभर वर वजन ठेवलं होतं. दोष बुडात होता, आणि ते बूड मी बनवलं नव्हतं.

बुडबुड्याची भीती खोटी नाही, म्हणून तीही समजून घ्या. ट्रान्सड्यूसरमधला स्फटिक विजेच्या झटक्याने थरथरतो, त्याचा आवाज खाली जातो, तळाला आपटून परत येतो आणि लागलेल्या वेळावरून यंत्र खोली काढतं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1,500 मीटर जातो, हवेत जेमतेम 340. पाण्यातून भरीव प्लास्टिकमध्ये किंवा फायबरमध्ये शिरायला त्याला फारशी अडचण नसते, पण मध्ये हवा आली की बहुतेक सगळा आवाज तिथूनच माघारी फिरतो. टाचणीच्या डोक्याएवढे चार बुडबुडे पडदा अंधुक करायला पुरतात. फुरुनो बंधूंनी जपानमध्ये 1948 साली मच्छीमारांसाठी हे यंत्र बाजारात आणलं, तेव्हापासून हा नियम बदललेला नाही.

विकत घेताना मी दुकानात दोन प्रश्न विचारले होते. बूड एकाच थराचं आहे ना? आणि आतून चिकटवलं तर चालेल ना? ‘‘हो साहेब, सिंगल लेयर. आमचे सगळे कस्टमर आतूनच चिकटवतात,’’ हे उत्तर. मग त्यांनी फिश फाइंडर चालू करून दाखवला. पडद्यावर तळ सरकतोय, मासे कमानीसारखे उमटतायत. कोरड्या काउंटरवर! तो डेमो मोड होता, यंत्रात आधीच भरलेलं चित्र. पडदा लागतो आणि बटणं चालतात, याखेरीज त्यातून काहीच सिद्ध होत नाही. दुकानात पाहायचंच असेल तर डेमो बंद करायला लावा आणि ट्रान्सड्यूसर पाण्याने भरलेल्या बादलीत धरा. बादलीत खोली बरोबर दाखवणार नाही, पण पाण्याचं तापमान तरी खरं येईल आणि ट्रान्सड्यूसर जोडला गेल्याचं कळेल.

चाचणीला मी काळशाला गेलो. धामापूरचं तळं घराजवळ आहे, पाणीही संथ. पण 1530 साली बांधलेलं आणि 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेलं तळं ही यंत्रं तपासायची जागा नव्हे, असं माझं मत आहे. काळशाला कर्ली नदीच्या पात्रात, भरतीच्या पाण्यात कयाक घातली. पडद्यावर खोलीचा आकडा लुकलुकत राहिला, मध्येच अर्धा मीटर, मध्येच काहीच नाही. दोरीला शिसं बांधून सोडलं, तर पाणी दोन वावांच्या वर होतं.

दुकानात फोन केला. ‘‘बबल राहिलेत. काढून परत लावा.’’ नायलॉनची तंगूस करवतीसारखी ओढत ट्रान्सड्यूसर सोडवला, सगळा गोंद खरवडला आणि नव्याने लावला. तोच लुकलुकता आकडा. पुन्हा फोन, पुन्हा ‘‘बबल’’. मी म्हटलं, गोंद पारदर्शक आहे, बाजूने बॅटरी मारून बघितलंय, एकही बुडबुडा नाही. त्यावर तो हसला. ते हसणं अजून डोक्यातून जात नाही. ‘‘साहेब, हे टेक्निकल काम असतं. प्रोफेशनलकडून करून घ्यायचं.’’ विकताना कोणीही घरी करू शकतं म्हणणारा हाच माणूस.

देवबागचे एक तांडेलकाका तेव्हा होडी ओढून घेत होते. माझा चाललेला प्रकार त्यांनी थोडा वेळ पाहिला, कयाकच्या बुडावर बोटांनी टकटक केलं, मग शेजारच्या आपल्या फायबरच्या होडीवर केलं. म्हणाले, ‘‘आवाज आयकलंस? तुझी ही भरीव नाय. मदी कायतरी आसा. ता यंत्र पाण्याक लागाक होया रे.’’ मी ऐकलं, पण दुकानदाराचा शब्द समोर होता.

उलगडा झाला तो केबलसाठी भोक पाडताना. तोवर केबल झाकणाच्या फटीतून तात्पुरती नेली होती. आता बाजूच्या भिंतीत, पाण्याच्या रेषेच्या बऱ्याच वर, केबल ग्लँड बसवायचं ठरवलं आणि ड्रिलला गोल करवतीचं पातं लावलं. आधी रंगीत प्लास्टिकची लांब वेटोळी आली. मग वेटोळी थांबली आणि पांढरा चुरा पडू लागला, हलका, फुंकरीने उडणारा. मग पुन्हा वेटोळी. मशीन बंद करून पात्यात अडकलेली चकती बाहेर काढली. वर पातळ प्लास्टिक, खाली पातळ प्लास्टिक आणि मध्ये आंबोळीला असते तशी जाळी, प्रत्येक छिद्रात हवा. कयाक तीन थरांची होती. हलकी आणि ताठ व्हावी म्हणून असा फेस भरतात, वल्हवायला ती चांगलीही असते. पण तिच्या बुडातून आवाज आरपार जाणं शक्य नाही. गोंद कुठलाही लावा, कोणीही लावा, कितीदाही लावा.

ती चकती हातात घेऊन मी अंगणात किती वेळ उभा होतो कोण जाणे. माझा हात सरळ होता, पृष्ठभाग स्वच्छ होता, आणि तरी मी स्वतःवर संशय घेत दोनदा तेच काम केलं होतं. कारण समोरच्याने ठामपणे सांगितलं होतं. फोटो पाठवला. बघितल्याची खूण आली, उत्तर नाही. नंतर ‘‘कंपनीला विचारतो.’’ आणि शेवटी जे आलं ते असं की मी स्वतः भोक पाडल्यामुळे कयाकची वॉरंटी संपली. म्हणजे ज्या भोकामुळे त्यांचं खोटं बाहेर आलं, तेच भोक माझा गुन्हा.

आता तुमच्यासाठी. गोंदाची बाटली उघडण्याआधी बूड ओळखा. झाकणाच्या तोंडाशी प्लास्टिकची कापलेली कड दिसते का पाहा. थर तिथेच दिसतात. आतला रंग बाहेरच्यापेक्षा वेगळा असेल तर संशय घ्या. अंधारात आतून बॅटरी लावा. एकथरी फिकट प्लास्टिकमधून उजेड बऱ्यापैकी झिरपतो, फेसातून नीट येत नाही. गडद रंगाच्या कयाकला ही खूण चालत नाही. काकांची टकटकही करून बघा, शेजारी भरीव फायबरची होडी असेल तर फरक कानाला कळतो.

यापेक्षा खात्रीची परीक्षा पाण्यावर, गोंदाशिवाय. कयाकमध्ये जिथे ट्रान्सड्यूसर बसवायचा तिथे पातळ प्लास्टिकची पिशवी पाण्याने भरून ठेवा, पिशवीखालीही ओलं करा, थेंबभर साबण टाका म्हणजे बुडबुडे धरत नाहीत. ट्रान्सड्यूसरचं तोंड पिशवीतल्या पाण्यात बुडवून खाली दाबून धरा आणि आकडा वाचा. मग तोच ट्रान्सड्यूसर बाहेर, थेट खाडीच्या पाण्यात धरून वाचा. मग शिसं सोडून मोजा. तिन्ही जुळले तर खुशाल चिकटवा. आतून थोडी ताकद कमी होते, पण आपल्या खाडीच्या खोलीला ती पुरून उरते. पिशवीतला आकडाच आला नाही तर गोंदावर एक रुपया घालवू नका. ही परीक्षा मला दुकानात कोणी सांगितली नाही. सांगितली असती तर विक्री झाली नसती.

आणि आतून चिकटवण्याचे दोन तोटे कोणी बोलत नाही. तापमान पाण्याचं न येता बुडाचं येतं. आणि ज्या ट्रान्सड्यूसरमध्ये बाजूचं किंवा तळाचं फोटोसारखं बारीक चित्र देण्याची सोय असते, त्याचं ते चित्र बुडाआडून बिघडतं. जास्तीचे पैसे पाण्यात.

माझा ट्रान्सड्यूसर आता बाहेर आहे. ॲल्युमिनियमची चौकोनी नळी बसायच्या जागेशेजारी, हात पुरेल पण वल्हं लागणार नाही अशी लावली. वर एकच बोल्ट आणि हाताने फिरवायचा नट, तोही नळी जेमतेम धरेल एवढाच आवळलेला. खालून कालवांचा खडक किंवा जाळ्याची दोरी लागली तर नळी मागे वळते, तुटत नाही. किनाऱ्याला लागताना मी ती वर उचलतो. ट्रान्सड्यूसरचं तोंड बुडाच्या दोन बोटं खाली, त्याहून खोल नको. आणि ते सपाट करायचं तर सामान भरून, स्वतः बसून करा. अंगणात लेव्हल लावून काही उपयोग नाही. माणूस बसला की नाक उचललं जातं. बोल्ट 316 दर्जाचेच घ्या. 304 खाऱ्या पाण्यात डाग धरतो, आणि हार्डवेअरच्या दुकानात ‘‘स्टील’’ म्हणून जे मिळतं ते कधी कधी तेही नसतं. बुडाला स्क्रू मारू नका. जिथे बोल्ट आरपार जातो तिथे आतून रुंद वॉशर हवाच, प्लास्टिक नुसत्या नटाखाली दबत जातं.

केबल कापून आखूड करू नका. ती साधी वायर नाही, आत जाळीचं वेष्टन असतं. उरलेली सैल गुंडाळून ठेवा, बॅटरीच्या वायरींपासून लांब. ग्लँडभोवती व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन थापू नका. या प्लास्टिकला ते धरत नाही आणि तांब्याला खातं. पाणी अडवायचं काम ग्लँडच्या रबराचं आहे. बॅटरी यूपीएसची 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासांची चालते, कुडाळला सहज मिळते. लहान फिश फाइंडर एक अँपिअरही खात नाही, सकाळ आरामात निघते. अधिक टोकाच्या वायरवर, बॅटरीच्या अगदी जवळ, 3 अँपिअरचा फ्यूज घाला. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. लाइफ जॅकेट घाला, जाताना घरात सांगून जा. हे सगळे सांगतात, मीही सांगतो.

अपेक्षाही नीट ठेवा. नेहमीच्या 200 किलोहर्ट्‌झला आवाजाचा झोत साधारण 20 अंशांचा असतो. तीन मीटर पाण्यात तो तळावर जेमतेम एक मीटर रुंदीचं वर्तुळ पाहतो. त्यात तांबोशी सापडेलच असं नाही. मोरी माशाच्या पोटात हवेची पिशवीच नसते, तिची खूण फिकटच येते. कर्लीत मला हे यंत्र उपयोगी पडतं ते खोल पात्राची कड शोधायला आणि खाली चिखल आहे की कातळ ते कळायला. चोणक त्या कडेलाच धरून असतो, हे तांडेलकाकांना यंत्राशिवाय ठाऊक आहे.

पैशाचं बोलायचं तर, दुकानदाराचा तोंडी शब्द घेऊ नका. ‘‘बूड किती थरांचं? आतून ट्रान्सड्यूसर चालेल का?’’ हे पैसे देण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून विचारा आणि लिहूनच उत्तर घ्या. माझ्या बाबतीत पहिलं उत्तर तोंडी होतं. ‘‘बबल राहिलेत’’ मात्र मेसेजमध्येही आहे, आणि आता तेच कामाला येतंय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आधी नोंद होते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, दुकान दुसऱ्या टोकाला असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पावती, मेसेजचे छापील कागद आणि ती चकती मी एका पाकिटात घालून ठेवली आहे. चकती ड्रिलमधून काढली त्याच दिवशी पट्टी शेजारी ठेवून तिचे फोटो काढले होते, थर मोजता येतील असे. तुम्हीही भोक पाडाल तेव्हा निघालेला तुकडा टाकू नका.