दिवेलागणीची निवांत वेळ
(इयत्ता ४ थी ते ७ वीच्या शिक्षकांकरिता पाठ-टिपण)

उद्देश : मोबाइलपासून काही काळ अलिप्त राहून स्वस्थ बसण्याची व स्वतःशी विचार करण्याची सवय मुलांना लावणे.

विषयप्रवेश : पूर्वी महाराष्ट्रातील पुष्कळ घरांतून दिवेलागण झाली की मुले देवापुढे शुभंकरोती म्हणत आणि मग ओसरीवर बसून परवचा म्हणत. पाढे संपले की जेवणाची पाने मांडली जात. त्या वेळेला जसा आरंभ होता तशी अखेरही होती. आज त्याच वेळी अनेक घरांत दूरचित्रवाणी चालू असते आणि प्रत्येकाची नजर आपापल्या मोबाइलवर खिळलेली असते. चार माणसे एका खोलीत असूनही परस्परांशी बोलत नाहीत. तरीही त्यांपैकी कोणालाच एकांत लाभत नाही. कारण हातातील यंत्र घडोघडी वाजून बाहेरच्या जगाची हाक पोचवीत असते.

विवेचन : असे का व्हावे, याचे कारण शिक्षकाने प्रथम समजून घ्यावे. पुस्तकाचे पान संपते, गोष्ट संपते, विटीदांडूचा डाव संपतो. अखेर आली की मन क्षणभर थांबते व पुढे काय करावे हे ठरविते. मोबाइलवरील मजकुराला मात्र बहुधा अखेर ठेवलेली नसते. बोटाने कितीही वर सरकविले तरी खालून नवे चित्र येतच राहते. ही रचना २००६ साली आझा रास्किन या अमेरिकन आरेखकाने तयार केली आणि पुढे तिच्या परिणामांविषयी त्यानेच जाहीरपणे खेद व्यक्त केला. जेथे थांबण्याची जागाच काढून टाकलेली आहे, तेथे मोठ्या माणसांनाही स्वतःला आवरणे कठीण जाते. म्हणून ‘मूल ऐकत नाही’ असा दोष मुलाला देण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घेणे न्याय्य होईल.

दुसरीही एक गोष्ट विसरता कामा नये. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हाती मोबाइल वडीलमंडळींनीच दिला. शाळा पुन्हा भरू लागल्या. पण हातातील मोबाइल काही सुटला नाही.

या अडचणीवर सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने योजलेला उपाय अभ्यसनीय आहे. हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव असून तेथील लोक मुख्यतः शेती करणारे व साखर कारखान्यात काम करणारे आहेत. १४ ऑगस्ट २०२२ रोजी गावाची सभा भरली आणि दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे स्वातंत्र्यदिनापासून, पुढील नियम सुरू झाला. सायंकाळी ७ वाजता देवळावरील भोंगा वाजे आणि घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाइल दीड तासाकरिता बंद होत. मुले अभ्यासाला बसत. मोठी माणसे वाचन करीत अथवा एकमेकांशी बोलत. ८॥ वाजता भोंगा पुन्हा वाजे. आरंभी काही पुरुषांनी या कल्पनेची थट्टा केली. मालिका पाहण्यात आपला फार वेळ जातो, हे स्त्रियांनी मात्र मोकळेपणाने मान्य केले. ग्रामपंचायतीचे कर्मचारी व काही ग्रामस्थ घरोघर फिरून समजूत घालीत राहिले, तेव्हा नियमाचे पालन होऊ लागले.

या उदाहरणातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, नियम केवळ मुलांसाठी नव्हता. वडीलही त्यात सामील होते. दुसरी, जी अखेर यंत्रातून काढून टाकलेली होती, ती गावाने भोंग्याच्या रूपाने परत आणली.

परंतु पडदा बंद झाला म्हणजे मन लगेच शांत होते, असे नाही. रिकाम्या वेळेची सवय मोडलेले मूल प्रथम चुळबुळ करते, कंटाळते. हा कंटाळा भरून काढण्याची घाई करू नये. त्यातूनच मूल आपल्या मनात डोकावू लागते. शिवाय दोन खोल्यांच्या घरात आठ माणसे राहत असतील, तर त्या मुलाला एकांत कोठून मिळावा? संत तुकाराम चिंतनासाठी देहूजवळच्या भंडारा डोंगरावर जात, असे परंपरा सांगते. प्रत्येक मुलाला डोंगर मिळणार नाही. पण शाळेच्या आवारातील झाडाची सावली व पाच मिनिटे देणे शिक्षकाच्या हाती आहे.

कृती : परिपाठानंतर मुलांना आवारात हातभर अंतरावर, आपापली जागा निवडून बसू द्यावे. पाटी, पुस्तक, खेळणे काही देऊ नये. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटे व पुढे हळूहळू पाच मिनिटे हा वेळ ठेवावा. आरंभी व शेवटी घंटेचा एकच टोला द्यावा. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा येथे देऊ नये. ती शिस्तीची शांतता होय, स्वास्थ्य नव्हे. ही वेळ शिक्षा म्हणून कधीही वापरू नये. जे मूल एकटे बसण्यास भिते अथवा घरच्या दुःखाने व्याकूळ आहे, त्याला शिक्षकाने आपल्याजवळ बसवावे. एकांत व एकाकीपणा यांतील भेद अशाच वेळी सांभाळावा लागतो.

प्रश्न :
१. स्वस्थ बसल्यावर कोणकोणते आवाज ऐकू आले? एरवी ते का ऐकू येत नाहीत?
२. मनात कोणता विचार आला? (सांगण्याची सक्ती नाही.)
३. ज्या खेळाला अखेर नाही असा खेळ खेळावा लागला, तर काय होईल?

गृहपाठ : घरातील मंडळींशी बोलून सर्वांचे मोबाइल एकत्र बाजूस ठेवण्याची अर्ध्या तासाची वेळ ठरविणे. कोणाला कामासाठी फोन जवळ बाळगणे भाग असेल, तर त्याची अडचण समजून घेणे.

सूचना : हल्ली शाळेच्या कामाचे पुष्कळसे निरोप शिक्षकाला मोबाइलवरच येतात. तथापि त्या पाच मिनिटांत त्याने आपला फोन टेबलाच्या खणात ठेवावा व स्वतःही मुलांत बसावे. मुले शिक्षकाचे बोलणे विसरतील. पण खणात ठेवलेला फोन त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.